चार भोकं आणि एक रबरबँड

आर्डुइनो उनो नावाच्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला चार भोकं असतात. बोर्ड एखाद्या फळीवर किंवा डब्यात स्क्रूने पक्का बसवता यावा म्हणून ती दिली आहेत, असं त्याच्या कागदपत्रांत सरळ लिहिलेलं आहे. मी आजवर जे जे उनो पाहिले, म्हणजे मित्रांच्या टेबलावर, भाच्याच्या कॉलेजात, सोसायटीच्या गच्चीवर आणि माझ्या स्वतःच्या खणात (तिथली खरी संख्या घरात जाहीर केलेली नाही), त्यांतल्या एकाच्याही एकाही भोकात मला स्क्रू दिसलेला नाही. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डर एसीच्या पाइपसाठी भिंतीला भोक ठेवून देतो आणि पुढे कित्येक वर्षं तिथे वर्तमानपत्राचा बोळा बसलेला असतो, तशी ही भोकं. फक्त यांच्या नशिबी बोळाही नाही.

मग बोर्ड जागेवर राहतो कसा? इथे माणसाची प्रतिभा फुलून येते. सगळ्यात लोकप्रिय उपाय डबल टेप. त्याच्या खालोखाल ग्लू गन. मग रबरबँड, केबल टाय, इन्सुलेशन टेप, फेविक्विक, आणि बोर्डाच्या एका टोकावर ठेवलेलं मल्टिमीटर. एका ज्येष्ठ गृहस्थांनी मेणबत्तीचं मेण ओतून बोर्ड बसवलेला मी पाहिला आहे. त्यांना विचारलं, ‘‘काका, या भोकांत स्क्रू का नाही लावला?’’ ते म्हणाले, ‘‘अरे, उगीच बोर्ड खराब होतो.’’

काही घरांत बोर्ड कशालाच बसवलेला नसतो. तो वायरींच्या आधाराने राहतो. उनोची यूएसबी केबल हा एक स्वतंत्र विषय आहे. जुन्या प्रिंटरला लागायची ती चौकोनी तोंडाची जाड केबल. बोर्डाचं वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. केबल त्याहून भारी आणि स्वभावाने ताठ. एकदा घडी पडली की ती घडी ती आयुष्यभर सोडत नाही. त्यामुळे टेबलावर बोर्ड कुठे आणि कसा राहणार, हे आपण ठरवत नाही, केबल ठरवते. तिच्या मनात आलं की बोर्ड एका कडेवर उभा. आपण तो हळूच आडवा करायचा, हात काढायचा, तो पुन्हा उभा. शेवटी आपण मान वाकडी करून एलईडी बघायला शिकतो. चार स्क्रूंनी हे काम झालं असतं. पण मानेला सवय होते.

आता कोणी म्हणेल, स्क्रू लावायला असं काय लागतं? स्क्रू लागतो. आणि स्क्रू विकत घ्यावा लागतो.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं सामान म्हटलं की बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मुंबईकरांसाठी लॅमिंग्टन रोड, त्याचं डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव पाटीवर आहे, टॅक्सीवाल्याला मात्र लॅमिंग्टनच सांगावं लागतं. या दोन्ही ठिकाणी तुम्हाला सेन्सर मिळेल, मोटर मिळेल, रिले मिळेल, बर्ग स्ट्रिप मिळेल, झिरो पीसीबी मिळेल. स्क्रूचं विचारलं की दुकानदाराच्या चेहऱ्यावर आपण देवळात चपला घालून आल्याचे भाव उमटतात.

‘‘एम थ्री स्क्रू आहेत का? दहा एमएम लांबीचे?’’

‘‘स्क्रू हार्डवेअरवाल्याकडे.’’

हार्डवेअरवाला दिलखुलास माणूस. ‘‘किती देऊ?’’

‘‘चार.’’

‘‘चार किलो?’’

‘‘चार नग.’’

त्याने वजनकाट्यावरचा हात काढून घेतला. ‘‘हे बारीक काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे बघा.’’

हे झालं उनोचं. त्याचं भोक ३.२ मिलिमीटरचं, म्हणजे या जातीत धिप्पाडच. रास्पबेरी पायवाल्यांचा पिको नावाचा बोर्ड आहे, २०२१ साली चार डॉलरला निघाला. लांबी ५१ मिलिमीटर, रुंदी २१, आणि त्यालाही चार भोकं, प्रत्येकी २.१ मिलिमीटरची. त्यात एम टू लागतो. आर्डुइनो नॅनोची भोकं तर त्याहूनही बारीक. या मापाचे स्क्रू शोधायला निघालेला माणूस हळूहळू समाजाच्या कडेला ढकलला जातो. हार्डवेअरवाला त्याला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे पाठवतो. मोबाइलवाल्याच्या टेबलावर चुंबकाच्या थाळीत असे स्क्रू शेकड्याने पडलेले असतात. ‘‘आहेत की,’’ तो म्हणतो, ‘‘पण ते गिऱ्हाइकांचे आहेत.’’ तिथून चष्म्याच्या दुकानात. काउंटरवरच्या बाई अदबीने विचारतात, ‘‘नंबर तपासून घ्यायचाय का?’’ आपण खिशातून नॅनो काढून दाखवतो. बाई आत बघून आवाज देतात, ‘‘सर, जरा बाहेर येता का?’’ तिथून घड्याळजीकडे. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून पाचेक मिनिटं बोर्ड निरखतात, मागून बघतात, पुढून बघतात, आणि निदान सांगतात, ‘‘हे घड्याळाचं नाही.’’

अखेर कुठेतरी सापडतातच. पण सुटे नाहीत, शंभराचं पाकीट. ‘‘नट?’’ त्याचं वेगळं पाकीट. ‘‘वॉशर?’’ वेगळं. बोर्डाखाली स्पेसर लागतात, नाहीतर खालच्या बाजूला सोल्डरची जी टोकं बाहेर आलेली असतात, ती फळीला टेकतात. पितळी की नायलॉनचे? आत आटे दोन्हीकडून की एकीकडून? बाहेरून षटकोनी की गोल? आपण आयुष्यात लग्नापूर्वीही इतक्या प्रश्नांना उत्तरं दिलेली नसतात. बिल बोर्डाच्या स्थानिक नकलेइतकं होतं. घरी आल्यावर ही सगळी पाकिटं एका डब्यात जातात, डब्यावर ‘स्क्रू – महत्त्वाचे’ अशी चिठ्ठी लागते, आणि बोर्डाला त्या रात्रीपुरता रबरबँड लागतो.

समजा, स्क्रू मिळाले आणि डब्यातून बाहेरही आले. आता फळीला भोकं पाडायची. त्यासाठी बोर्ड कागदावर ठेवून खुणा करायच्या. भोकातून पेन्सिल जात नाही. बॉलपेनची रिफिल मात्र झकास जाते. चार ठिपके मिळाले. पट्टीने जोडले. आणि कागदावर जी आकृती उमटली, ती पाहून मी पट्टी तपासली.

आमच्या शेजारी गणिताचे निवृत्त शिक्षक राहतात. भूमिती हा त्यांचा प्राण. कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला. ‘‘आयत नाही.’’ मग कोनमापक आणायला आत गेले. ‘‘समांतरभुज नाही.’’ मग पट्टी. यूएसबीच्या बाजूच्या दोन ठिपक्यांत अठ्ठेचाळीस मिलिमीटर आणि थोडं वर, समोरच्या दोघांत अठ्ठावीसच्या आसपास. त्यांचा चेहरा उजळला. ‘‘समलंब चौकोन!’’ पुन्हा गुण्या लावला आणि चेहरा पडला. यूएसबीकडची बाजू सव्वा मिलिमीटरने कलती आहे. एकही बाजू दुसरीला समांतर नाही. सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘हा नुसताच चौकोन आहे. परीक्षेत विचारू नये असा.’’

हा चौकोन कुठून आला हे समजून घ्यायचं तर इटलीला जावं लागतं. उत्तर इटलीत इव्रेआ नावाचं गाव आहे. तिथल्या इंटरॅक्शन डिझाइनच्या संस्थेत २००५ साली मास्सिमो बांझी आणि मंडळींनी विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त, सोपा बोर्ड तयार केला. नाव दिलं ते गावातल्या त्यांच्या आवडत्या बारचं. बारला नाव होतं आर्डुइन राजाचं. आणि हा राजा कोण, तर १००२ साली इटलीच्या गादीवर बसलेला आणि दोनच वर्षांत जर्मनीच्या दुसऱ्या हेन्रीने ज्याची गादी काढून घेतली असा. ज्याला स्वतःच्या आसनावर घट्ट बसता आलं नाही, त्याच्या नावाचा बोर्ड फळीवर घट्ट बसेल ही अपेक्षाच चूक आहे.

त्यातून ही मंडळी विद्यार्थ्यांच्या निकडीत काम करत होती, फर्निचर करत नव्हती. बोर्डावरच्या पिनांचंच बघा. सगळ्या पिना एकमेकींपासून ठरलेल्या २.५४ मिलिमीटरच्या, म्हणजे इंचाच्या दहाव्या भागाच्या, पटीत. फक्त सात आणि आठ नंबरच्या पिनांमध्ये ४.०६ मिलिमीटर. आराखडा काढताना एक रांग जरा सरकली, एवढंच. लक्षात येईपर्यंत बोर्ड लोकांच्या हातात गेले होते, त्यावर बसणारे वरचे बोर्ड, ज्यांना शिल्ड म्हणतात, तेही त्याच मापाने निघाले होते. आता चूक सुधारली तर जगभरातले शिल्ड बाद. म्हणून चूक तशीच ठेवली आणि तिला प्रमाण मानलं. आजही चीनमध्ये, भारतात, कुठेही उनोची नक्कल निघाली की ती सरकलेली रांग मोजूनमापून, बरोब्बर तेवढीच सरकवतात. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्या पहिल्यांदा वाकड्या मारल्या गेल्या, तेव्हा दरवर्षी त्यावरूनच रंग देण्याचा ठराव झाला होता. तो ठराव मांडणाऱ्यांना इव्रेआ माहीत नव्हतं, पण अडचण तीच होती.

आणि भोकांची गोष्ट तर याहून मजेची. उनोच्या आधीच्या पिढीत भोकं तीनच होती. उनोमध्ये चौथं आलं. लोकांनी आनंद व्यक्त केला असेल. चारही कोपरे धरले जाणार. मग बोर्डाच्या तिसऱ्या आवृत्तीत दोन नव्या पिना आल्या, एसडीए आणि एससीएल, आणि त्यांना जागा मिळाली ती थेट एका जुन्या भोकाला खेटून. आता त्या भोकात एम थ्रीचा स्क्रू घातला की त्याचं डोकं पिनांच्या काळ्या प्लॅस्टिकवर चढतं आणि वाकडं बसतं. दुसऱ्या बाजूला रीसेटचं बटण टपून आहेच. म्हणजे एक भोक दिलं, एक काढून घेतलं, हिशेब पुन्हा तीनवर. सरकारी योजनांशी परिचय असलेल्या वाचकाला अधिक सांगायला नको.

भाच्याने तरीही फळी करायची ठरवली. तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या वयात माणूस निश्चय करतो. अॅक्रिलिकचा तुकडा आणला, ड्रिल आणलं. बोर्ड पालथा ठेवून खुणा केल्या, कारण पालथा ठेवला की तो कागदावर डगमगत नाही.

‘‘मामा, बसत नाहीये.’’

‘‘फिरवून बघ.’’

‘‘फिरवला. चारही बाजूंनी.’’

साध्या आयताला उलटसुलट चालतं. हा ‘नुसताच चौकोन’ आरशात वेगळा दिसतो. भाच्याने फळी उलटी केली आणि बोर्ड बसला. फक्त जिथे त्याने आपलं आणि कॉलेजचं नाव लेझरने कोरून घेतलं होतं, ती बाजू आता खाली होती आणि अक्षरं उलटी दिसत होती. ‘‘चालेल,’’ तो म्हणाला. मग शेवटचं भोक जरा मोठं करायला गेला आणि अॅक्रिलिकला कडेपर्यंत तडा गेला. संध्याकाळी बोर्ड सनबोर्डवर होता, ग्लू गनने चिकटवलेला. महाराष्ट्रातली तमाम इंजिनीअरिंग कॉलेजं सनबोर्डावर उभी आहेत, हे मी निंदेने म्हणत नाही.

बोर्डावरची सगळी भोकं स्क्रूची असतात असंही नाही, आणि इथे गोंधळ आणखी वाढतो. नीट निरखलं तर बोर्डाच्या कडेला कधीकधी बारीक बारीक भोकांची रांग दिसते, अर्धी अर्धी तुटलेली, कुणीतरी कुरतडल्यासारखी. धंद्यातले लोक तिला उंदराचा चावा म्हणतात. कारखान्यात एका मोठ्या पॅनेलवर अनेक बोर्ड एकत्र तयार होतात आणि नंतर त्या रांगेवर तोडून सुटे करतात. ती तोडल्याची खूण. मग मोकळ्या जागेत एखादा तांब्याचा चकचकीत गोल ठिपका असतो, ज्याला ना वायर ना नाव. तो सुटे भाग बसवणाऱ्या यंत्राच्या कॅमेऱ्यासाठी: त्यावर नजर ठेवून यंत्र आपला हात कुठे न्यायचा ते ठरवतं. काही भोकं नुसती बोर्ड यंत्रात पकडायला असतात. बोर्ड कारखान्यातून बाहेर पडला की या सगळ्याचं काम संपलं. पण आपल्या हातात येतो तेव्हा ते सगळं अंगावर तसंच असतं, आणि आपण विचार करत बसतो.

खालच्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झाले. ते विचार करत बसत नाहीत. त्यांना कुठलंही भोक, ठिपका किंवा कडं दाखवा, त्यांचं उत्तर तयार असतं.

‘‘काका, हा ठिपका कशाला असेल?’’

‘‘अर्थिंग.’’

‘‘आणि ही कडेची भोकं?’’

‘‘अर्थिंगच. दुसरं काय?’’

मी त्यांची मनातल्या मनात टिंगल करायचो. मग एकदा एका बोर्डाच्या कोपऱ्यातल्या भोकाभोवती तांब्याचं रुंद कडं दिसलं. मल्टिमीटर लावला, एक टोक कड्याला, एक टोक ग्राउंडच्या पिनेला. मल्टिमीटर वाजला. बऱ्याच बोर्डांवर स्क्रूची भोकं आतून ग्राउंडला जोडलेली असतात. धातूच्या डब्यात बोर्ड बसवला की स्क्रूवाटे डबाही ग्राउंड होतो. काका हे ऐकून जराही हरखले नाहीत. ‘‘मी केव्हाचं सांगतोय,’’ म्हणाले, आणि पुढच्या ठिपक्याकडे वळले.

ब्रिटनमध्ये २०१६ साली शाळकरी मुलांना वाटलेल्या मायक्रोबिट नावाच्या छोट्या बोर्डाने तर माझी नजरच कायमची बिघडवली. त्याच्या खालच्या कडेला पाच ऐसपैस भोकं आहेत, भोवती सोनेरी कडी. इतकी देखणी, प्रशस्त, एका ओळीत बसलेली भोकं मी कुठल्याच बोर्डाला पाहिली नव्हती. यात स्क्रू किती शोभून दिसतील! पण ती स्क्रूसाठी नाहीतच. ती क्रोकोडाइल क्लिप आणि बनाना पिन अडकवायला आहेत. तीन इनपुट-आउटपुटची, एक तीन व्होल्टचं, एक ग्राउंडचं. त्यातल्या शेवटच्या दोघांत स्क्रू घालून बोर्ड पत्र्यावर आवळला, तर त्या पत्र्यातून वीज थेट ग्राउंडकडे धावणार. थोडक्यात, जिथे स्क्रू लावायची इच्छा होते तिथे लावायचा नाही, आणि जिथे लावायचा तिथे डोकं बसत नाही.

अशाने कोणाला वाटेल, मग भोकं देताच कशाला? न देऊन बघितलंय. एसटीएम ३२ या चिपचा ब्लू पिल नावाचा निळा, स्वस्त बोर्ड येतो. त्याला एकही माउंटिंग होल नाही. आमच्या ओळखीतला जो मनुष्य उनोच्या भोकांकडे दहा वर्षं ढुंकून बघत नव्हता, तो ब्लू पिल हातात आल्याबरोबर म्हणाला, ‘‘छ्या! साधी भोकं नाहीत हो याला. बसवायचा कसा?’’ आणि त्याने तो डबल टेपने बसवला. रास्पबेरी पायचंही तेच. तो मायक्रोकंट्रोलर नव्हे, अख्खा संगणक. पण पहिला बोर्ड २०१२ साली आला तो भोकांशिवाय. त्याच वर्षीच्या सुधारित बोर्डावर दोन आली. २०१४ च्या बी प्लसवर चार, आणि तीही सरळ आयतात, ५८ बाय ४९ मिलिमीटर. आमच्या गणिताच्या सरांना मी तो मुद्दाम नेऊन दाखवला. त्यांनी कर्ण मोजले, समाधानाने मान डोलावली आणि चहा टाकायला सांगितला.

भाच्याच्या परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरून आलेले परीक्षक, ज्यांना महाराष्ट्रभर ‘एक्स्टर्नल’ म्हणतात, प्रोजेक्टजवळ आले. सनबोर्डावर बोर्ड, बोर्डावर वायरींचं जंगल, मधून डोकावणारा एक केबिन एसीचा रिमोट, ज्याचा प्रोजेक्टशी संबंध नव्हता. एक्स्टर्नलनी कोड बघितला नाही, सर्किट बघितलं नाही. पेनाचं टोक नेमकं कोपऱ्यातल्या भोकावर ठेवलं.

‘‘हे काय आहे?’’

‘‘माउंटिंग होल, सर.’’

‘‘मग माउंट का नाही केलं?’’

वर्गात शांतता. गाइड खिडकीतून बाहेर बघू लागले. भाचा क्षणभरही अडखळला नाही.

‘‘सर, तो फ्युचर स्कोप आहे.’’

एक्स्टर्नलनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. भाच्याला चांगले मार्क पडले. रिपोर्टात ‘फ्युचर स्कोप’ नावाचं प्रकरण असतंच. त्यात आदल्या वर्षीच्या मुलांनी जे लिहिलेलं असतं, तेच याही वर्षी लिहितात, कारण भविष्य अजून आलेलं नसतं.

खरी मेख इथेच आहे, असं मला वाटतं. स्क्रू मिळत नाही, भोक वाकडं आहे, डोकं अडतं, ही सगळी सांगायची कारणं. बोर्ड टेपने लावला की तो ‘सध्या’ लावलेला असतो. त्यात उद्या सुधारणा करता येते. स्क्रू आवळला म्हणजे काम झालं. आणि काम झालं म्हटलं की लोक ते तपासतात.

आमच्या सोसायटीच्या टाकीचंच घ्या. टाकी भरली की मोटर बंद करणारं यंत्र मी करून दिलं. उनो, एक रिले, आणि पाण्यात सोडलेला फ्लोट स्विच. सगळं एका श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. गच्चीवर. डबा झाकणासकट आहे आणि त्यावर ‘केशर’ हा शब्द अजून वाचता येतो. बोर्ड आत ग्लूने चिकटवला होता. एप्रिलमध्ये गच्ची तापली, ग्लू मऊ पडला आणि बोर्ड सरकत सरकत डब्याच्या तळाला जाऊन बसला. काम मात्र करत राहिला. मग टेप लावली. पावसाळ्यात टेपने हात टेकले, तेव्हा वॉचमनने आपणहून एक विटेचा तुकडा डब्यावर ठेवला. ती वीट आजही आमच्या व्यवस्थेचा सर्वात भरवशाचा भाग आहे.

सेक्रेटरी दर भेटीत विचारतात, ‘‘हे पक्कं कधी बसवताय?’’

‘‘टेस्टिंग चालू आहे.’’

वार्षिक सभेत विषय निघाला. कोणी म्हणालं, बाहेरचा माणूस बोलवा. कोटेशन आलं. कोटेशन वाचून सभा बराच वेळ वीट या विषयावर आदराने बोलली. शेवटी इतिवृत्तात नोंद झाली: ‘टाकीवरील तात्पुरती व्यवस्था पुढील वर्षीही तात्पुरती म्हणून चालू ठेवण्यात यावी.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते मंजूर झालेला आमच्या सोसायटीतला तो एकमेव ठराव असावा.

तेव्हा कोणाला खरंच बोर्ड बसवायचा असेल तर एवढं करा. उनोला एम थ्री घ्या, पिकोला एम टू. बोर्डाखाली नायलॉनचे स्पेसर घाला, म्हणजे खालची सोल्डरची टोकं कशाला टेकत नाहीत. एससीएलच्या शेजारचं भोक सोडून द्या, तीन पुरतात. खुणा करताना बोर्ड सुलटा ठेवा. आणि स्क्रू बोर्डाबरोबरच, त्याच दिवशी घ्या. नंतर कोणी जात नाही. एम थ्री, दहा मिलिमीटरचं एक न फोडलेलं पाकीट माझ्याकडे आहे, पूर्ण शंभर नग. हवे तेवढे घेऊन जा. नट मात्र ज्याचे त्याने आणावेत.